बंगला प्लॉटिंग आणि ‘डिझाइनचे नियम’: नगरपालिका काय तपासते, काय तपासत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या वाढीव हद्दीत तिघा भावंडांची पाच एकर जमीन आहे, रहिवास विभागात. तिथे ३६ बंगला प्लॉट पाडायचे आहेत. घर ज्याचं त्याने आपल्या आर्किटेक्टकडून बांधायचं, पण वसाहत एकसारखी दिसावी म्हणून चाळीस पानांची डिझाइन मार्गदर्शिका केली आहे. धाकटे बंधू टेक्सासमध्ये ज्या कॉलनीत राहतात तिथली पुस्तिका समोर ठेवून ती लिहिली आहे: छपराचा उतार, भिंतींचे रंग, दोनच मजले, कुंपणाची उंची, गॅरेजची जागा, सगळं त्यात आहे. लेआउटची, म्हणजे प्लॉट-रस्त्यांच्या आखणीची, फाइल नगरपालिकेत गेली, ती त्रुटी काढून परत आली. त्रुटी सगळ्या रस्ते, ओढा आणि ओपन स्पेसच्या. मार्गदर्शिकेबद्दल एक ओळही नाही. नगरपालिका हे नियम मंजूर करून पाळायला लावणार आहे का, नसेल तर ते कोण पाळायला लावणार, आणि त्यात ठेवायचं काय, असं तुम्ही विचारलं आहे.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. नगरपालिका तुमची मार्गदर्शिका मंजूर करणार नाही, आणि यात तिची टाळाटाळ नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली तुमचा अर्ज जातो आणि कलम ४५ खाली त्यावर निर्णय होतो. तो विकास योजना आणि २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे आपण सगळे जिला यूडीसीपीआर म्हणतो ती, यांच्या चौकटीतच घ्यावा लागतो. त्या नियमावलीत मीटर आहेत, टक्के आहेत, उतार आहे, उंची आहे. ‘परिसराशी सुसंगत रंगसंगती’ तपासायचा रकाना त्यात नाही. उद्या कुणी विटकरीऐवजी पोपटी रंग दिला म्हणून नगर रचनाकाराने बांधकाम परवानगी अडवली, तर कलम ४७ च्या अपिलात तो आदेश टिकणार नाही. हे त्यालाही ठाऊक असतं, म्हणून तो तुमची पुस्तिका वाचत नाही.

गंमत म्हणजे ती पुस्तिका ज्या टेक्सासवरून आली, तिथेही शहराचं प्रशासन हे काम फारसं करत नाही. २०१९ मध्ये तिथे कायदा झाला की राष्ट्रीय आदर्श बांधकाम संहितेत चालणारं साहित्य शहरांनी आपल्या नियमांनी अडवायचं नाही. दर्शनी भिंत विटांचीच हवी वगैरे सक्ती तिथे प्लॉटच्या खरेदीखतातल्या अटींमधून येते आणि कॉलनीची संघटना ती राबवते. म्हणजे बंधूंनी पुस्तिका आणली, पण ती ज्या कागदाला टाचलेली होती तो कागद तिकडेच राहिला. तुमचं पुढचं सगळं काम तो कागद इथे उभा करण्याचं आहे.

त्याआधी त्रुटींकडे बघू, कारण तुम्ही त्यांना ‘किरकोळ तांत्रिक’ म्हटलं आहे आणि त्या तशा नाहीत. वसाहत कशी दिसणार याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

पाच एकर म्हणजे २०,२३४ चौरस मीटर. क्षेत्र ०.४ हेक्टरच्या वर असल्याने १० टक्के मनोरंजनाची मोकळी जागा, म्हणजे साधारण २,०२३ चौरस मीटर, सोडावीच लागते. रस्त्यांना अशा लेआउटमध्ये साधारण चौथा हिस्सा जातो. उरतात तेरा हजारांच्या आसपास. ३६ प्लॉट केले तर सरासरी ३६५ चौरस मीटर, साडेतीन गुंठ्यांच्या थोडा वर. त्यातून सुविधा क्षेत्र, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखायची जागा, सोडावं लागलं तर सरासरी आणखी खाली येते. सुविधा क्षेत्राचं कोष्टक जमिनीच्या एकूण क्षेत्रावर ठरतं आणि त्यात दुरुस्त्या होत असतात, म्हणून आजचं कोष्टक नगर रचनाकाराकडून समजून घ्या. एखाद्या मर्यादेच्या जेमतेम वर तुमचं क्षेत्र बसत असेल, तर मोजणीतल्या दोन गुंठ्यांनीही हिशेब बदलतो. मार्गदर्शिकेत प्रत्येक घराला चारी बाजूंनी साडेचार मीटर सामासिक अंतर, म्हणजे घर आणि प्लॉटची हद्द यांच्यामध्ये सोडायची मोकळी जागा, लिहिलं आहे. १५ मीटर रुंद आणि २४ मीटर खोल प्लॉटवर चारी बाजूंनी साडेचार सोडले तर हातात ६ बाय १५ चा पट्टा राहतो. त्यात बंगला होत नाही, रेल्वेचा डबा होतो. हा आकडा अर्ध्या एकराच्या प्लॉटसाठीच्या पुस्तिकेतून जसाच्या तसा आला आहे.

आता क्लबहाउस. मोकळ्या जागेत बांधकामाला एकूण १५ टक्क्यांची मुभा आहे, त्यातलं तळमजल्यावर १० टक्के आणि उरलेलं पहिल्या मजल्यावर. तुमच्या २,०२३ मीटरवर तळमजला २०२ आणि एकूण ३०३ चौरस मीटर. तुम्ही दाखवलंय ३५०, तेही एकमजली. शिवाय ते ओढ्याच्या काठाला चिकटवलं आहे. ओढ्यासारख्या लहान प्रवाहाच्या काठापासून ९ मीटरच्या आत बांधकाम बसत नाही. ‘आता तिथे पाणी नसतंच’ हा युक्तिवाद करू नका. गावनकाशावर ओढा आहे ना, मग तो आहे. आणि पश्चिम महाराष्ट्रात जुलैमध्ये कोरडा ओढा काय करतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

मोकळ्या जागेची तिसरी त्रुटी मला सगळ्यांत योग्य वाटली. तुम्ही ती चार तुकड्यांत टाकली आहे, जिथे प्लॉट बसत नव्हता तिथे. असे त्रिकोणी तुकडे पुढे कुणाच्याच मालकीचे वाटत नाहीत. पाच-सात वर्षांत एकावर कुणाची तरी गाडी लागते, दुसऱ्यावर वाळू-खडी पडते, तिसऱ्यावर एखादं छोटं देऊळ उभं राहतं. जागा एकाच ठिकाणी घ्या, ओढ्याचा ९ मीटरचा पट्टा तिला लागून येऊ द्या, आणि निदान आठ-दहा घरांची तोंडं तिच्याकडे करा. छपरं-रंगांच्या वीस पानांनी जे साधणार नाही ते या एका बदलाने साधेल.

चौथी त्रुटी तुम्हाला सर्वांत जास्त बोचली आहे: मुख्य रस्ता शेजारच्या गटाच्या हद्दीपर्यंत न्या. तुम्हाला गेटबंद वसाहत हवी आहे आणि रस्ता शेवटच्या प्लॉटपाशी संपवायचा आहे. नगर रचनाकार म्हणतो की उद्या शेजारच्या जमिनीचा लेआउट झाला तर रस्ते जुळले पाहिजेत. त्याचं म्हणणं बरोबर आहे, आणि तुम्ही भांडलात तरी तो सोडणार नाही. मंजूर लेआउटमधला रस्ता हा तुमच्या अंगणातला रस्ता नसतो. मी असं करेन: अंतर्गत रस्त्याला १५० मीटर लांबीपर्यंत ९ मीटर आणि पुढे ३०० मीटरपर्यंत १२ मीटर रुंदी लागते. १२ मीटरचा एकच सरळ रस्ता हद्दीपर्यंत न्यायचा आणि तो सार्वजनिक राहणार हे मनाशी धरून घ्यायचं. घरांची तोंडं मात्र बाजूच्या ९ मीटरच्या छोट्या गल्ल्यांवर ठेवायची. तिथून परका माणूस उगाच जात नाही. जाहिरातीत ‘गेटेड कम्युनिटी’ छापलं असेल तर ते आजच काढा. का ते पुढे रेराच्या, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या, संदर्भात सांगतो.

तर मार्गदर्शिकेतले नियम तीन ढिगांत वेगळे करायचे. जे मोजता येतं आणि नकाशावर काढता येतं ते लेआउटमध्ये. जे मोजता येतं पण नगरपालिकेच्या अखत्यारीत नाही ते खरेदीखतात. आणि ज्यावर दोन शहाण्या माणसांचं एकमत होणार नाही ते कचऱ्यात. माझ्या अंदाजाने चाळीस पानांतली सात-आठ उरतील.

नकाशावर काय काढायचं? सगळ्यांत आधी पातळ्या. आपल्याकडच्या बंगला वसाहती बघितल्या तर त्या बेढब दिसतात त्या रंगांमुळे नाही, जोत्यांमुळे. पहिला माणूस रस्त्यापासून दीड फूट जोतं घेतो. शेजारी म्हणतो, माझं त्याच्यापेक्षा वर पाहिजे, तो अडीच फूट घेतो. तिसरा प्लॉटमध्येच भराव घालून सगळी जमीन उचलतो आणि पहिल्याच्या अंगणात पावसाचं पाणी सोडतो. मग पहिला कंपाउंडच्या भिंतीला पाणी अडवायला लावतो, काळ्या मातीत ती भिंत दोन पावसाळ्यांत तडकते, आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. नियमावली जोत्याची किमान उंची सांगते, आसपासच्या जमिनीपासून ३० सेंटीमीटर. कमाल उंचीवर ती तुम्हाला फारसं काही देत नाही. ते काम तुमचं.

त्यासाठी सर्वेक्षकाकडून कंटूर, म्हणजे जमिनीच्या चढउताराचा नकाशा, करून घ्या. लेआउटवर रस्त्याच्या मध्यरेषेची पक्की पातळी दर २० किंवा ३० मीटरला लिहा. पातळी मोजायला कायम राहील असा एक बेंचमार्क दगड बसवा, तो मोकळ्या जागेत, कुणाच्या प्लॉटमध्ये नको. मग नियम एका वाक्यात बसतो: आपल्या प्लॉटसमोरच्या लिहिलेल्या रस्तापातळीपासून जोतं कमीत कमी ४५ आणि जास्तीत जास्त ९० सेंटीमीटर, आणि सामासिक अंतरातल्या जमिनीची पातळी शेजाऱ्याच्या हद्दीवर बदलायची नाही. ‘लिहिलेल्या पातळीपासून’ हे शब्द सोडू नका. डांबरावर डांबर चढत रस्ता दहा वर्षांत वीतभर वर येतो, आणि ‘रस्त्यापासून’ एवढंच लिहिलं तर शेवटी बांधणारा पहिल्यापेक्षा वीतभर उंच बसतो. उताराच्या जमिनीवर वरच्या आणि खालच्या प्लॉटमध्ये धारक भिंत लागणार असेल तर ती तुम्ही विकायच्या आधी बांधून द्या. ती प्लॉटधारकांवर सोडली की प्रत्येक जण ती दुसऱ्याच्या हद्दीत आहे असं सांगतो. पावसाच्या पाण्याची गटारं, त्यांचा उतार आणि शेवट कुठे, हेही त्याच नकाशावर.

दुसरी गोष्ट बांधकाम रेषा. नियमावलीप्रमाणे किमान सामासिक अंतर सुटतंच. तुम्हाला रस्त्यावर घरांची ओळ सरळ हवी असेल तर पुढच्या बाजूला किमानपेक्षा थोडी आत एक रेषा काढा आणि घराची दर्शनी भिंत निदान अर्ध्या रुंदीपुरती त्या रेषेवर आली पाहिजे असं म्हणा. ही रेषा मंजूर लेआउटच्या नकाशावर आणि त्यावरच्या टीपेत उतरवायला सांगा; नगर रचनाकार सहसा नाही म्हणत नाही, कारण ती त्याच्या किमान अंतरापेक्षा जास्त आहे. मात्र एवढ्याने निश्चिंत होऊ नका. पुढे वैयक्तिक बांधकाम परवानग्या ऑनलाइन प्रणालीत तपासल्या जातात, तिथे नियमावलीतलं किमान अंतर जुळलं की काम पुढे सरकतं आणि तुमची टीप वाचायची राहून जाऊ शकते. म्हणून तीच रेषा खरेदीखतातही हवी.

कंपाउंड वॉलबद्दल तुम्ही चार पानं लिहिली आहेत. त्यातली साडेतीन नियमावलीने आधीच लिहिलेली आहेत. समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटर उंचीपर्यंत भरीव भिंत, त्याहून उंच न्यायची तर २.४ मीटरपर्यंत, पण वरचा ०.९ मीटर जाळीचा, आरपार दिसणारा. कोपऱ्याच्या प्लॉटवर वळणाशी भिंत ०.७५ मीटरपर्यंतच भरीव, म्हणजे येणारी गाडी दिसते. हे पाळलं गेलं तरी वसाहत पुष्कळ सुधारते. तुमच्याकडून एकच भर घाला: कोपऱ्याच्या प्लॉटचं गेट वळणावर नको, आणि गेट बाहेरच्या बाजूला उघडता कामा नये. गेटचा रॅम्प रस्त्यावर आणून गटार बुजवणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे, त्याला आळा घालायचा तर गटारावरच्या झाकणीचं माप आणि उंची तुम्हीच ठरवून, शक्य झालं तर बसवूनच द्या.

आता दोन मजल्यांचा नियम. इथे तुम्ही सर्वांत जास्त विसंबला आहात आणि इथेच सर्वांत जास्त धोका आहे. तुमच्या हद्दीत मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, १.१० आहे. त्यावर रस्त्याच्या रुंदीनुसार प्रीमियम भरून आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन तो वाढतो, शिवाय जिने, बाल्कनी अशा पूरक क्षेत्राचा ६० टक्क्यांपर्यंतचा हिशेब वेगळा. ३६५ मीटरच्या प्लॉटवर हे सगळं वापरलं तर पार्किंगवर तीन-चार मजल्यांचे फ्लॅट आरामात उभे राहतात. दोन शेजारचे प्लॉट एकाच माणसाने घेऊन एकत्र केले तर आणखी सोपं. नियमावलीत बसत असेल तर नगरपालिका परवानगी देईल, आणि ‘हा तर बंगल्यांचा लेआउट आहे’ एवढं म्हणून तिला ती नाकारता येणार नाही. म्हणून तीन अटी खरेदीखतात स्पष्ट हव्यात: एका प्लॉटवर एकच निवासी घर, फार तर एका कुटुंबाची दोन, जोत्यापासून छताच्या माथ्यापर्यंत ठरावीक मीटर, आणि प्लॉट जोडायचेही नाहीत, फोडायचेही नाहीत. ‘बंगला’ हा शब्द लिहून भागणार नाही. बंगला कशाला म्हणायचं यावर वकील दोन वर्षं घालवू शकतात.

खरेदीखतातली अट कितपत चालते? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ११ म्हणतं की मालकी पूर्ण दिल्यावर ती कशी वापरायची याची अट घालता येत नाही, घातली तरी घेणारा ती नसल्यासारखं वागू शकतो. पण त्याच कलमात अपवाद आहे: विकणाऱ्याची लगतची दुसरी मिळकत असेल आणि तिच्या लाभासाठी अट असेल, तर ती धरली जाते. कलम ४० त्याला जोडून पुढच्या खरेदीदारालाही बांधतं, जर त्याला अटीची कल्पना होती. यातून तीन व्यावहारिक गोष्टी निघतात. अट नकारार्थी ठेवा. ‘अमुक उंचीवर बांधणार नाही’ ही टिकायला सोपी. ‘दर पाच वर्षांनी घर रंगवेन’ ही पुढच्या मालकाच्या गळ्यात बांधणं फार अवघड. दुसरं, अट वसाहतीतल्या सर्व प्लॉटांच्या लाभासाठी आहे आणि प्रत्येक खरेदीखतात हीच आहे, असं शब्दांत लिहा. तुमचा शेवटचा प्लॉट विकला गेला की तुमच्याकडे लाभ घेणारी जमीनच उरणार नाही, तेव्हा हक्क सांगणारा कुणीतरी मागे राहायला हवा. आणि नियम खरेदीखताला परिशिष्ट म्हणून जोडून नोंदवा, म्हणजे पुढचा घेणारा ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणू शकणार नाही. ‘प्रवर्तक वेळोवेळी ठरवतील ते नियम’ हे वाक्य मात्र काढून टाका. अजून न लिहिलेल्या नियमाला कोण बांधील राहणार? परिशिष्टाचा मसुदा स्थावर मिळकतीचं काम करणाऱ्या वकिलाकडूनच करून घ्या. मी आर्किटेक्ट आहे. कलमं मला कामापुरती येतात.

ज्या वसाहतींकडे बोट दाखवून आपण ‘असं हवं’ म्हणतो, तिथे बहुतेक ठिकाणी जमीन विकलेलीच नव्हती हे लक्षात घ्या. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या बाजूला प्लॉट भाडेपट्ट्याने दिले आणि अटी पट्ट्यात घातल्या. मालक ट्रस्ट राहिला, म्हणून त्याचं ऐकावं लागलं. चंदीगडमध्ये दर्शनी भागाची चौकट, भिंतींच्या उंच्या, दारं-खिडक्यांची मापं इथपर्यंत नियंत्रण गेलं, कारण प्लॉट सरकारने दिले आणि मागे १९५२ चा खास कायदा होता. तिथे तर जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातल्या सेक्टरांत एका घराचे मजल्यागणिक फ्लॅट करण्याला मनाई केली. एवढं पाठबळ तुमच्या पाच एकरांना मिळणार नाही.

पण एक मधला मार्ग आहे आणि तो आपल्याकडे जुना आहे: टेनंट ओनरशिप पद्धतीची सहकारी गृहनिर्माण संस्था. जमीन संस्थेची, सभासदाला प्लॉट भाडेपट्ट्याने, घर त्याचं स्वतःचं. पट्ट्यात बांधकामाच्या अटी, हस्तांतराला संस्थेची संमती. जुन्या बंगला सोसायट्यांपैकी कित्येक अशाच उभ्या राहिल्या. डिझाइनवर ताबा ठेवायला याच्याइतकं बळकट साधन दुसरं नाही. तोटा तुम्हाला लगेच कळेल: गिऱ्हाइकाला ‘स्वतंत्र सातबारा’ हवा असतो, आणि पट्ट्याच्या प्लॉटला भाव थोडा कमी येतो. भावंडांनी बसून ठरवा, एकसारखी वसाहत हवी की वरचा भाव. दोन्ही मिळाले तर उत्तम, पण हिशेब एकाच गोष्टीवर करा.

रेराबद्दल. २०१६ च्या कायद्याने ५०० चौरस मीटरच्या वरच्या जमिनीवरचं प्लॉटिंगही नोंदवावं लागतं, नोंदणीआधी जाहिरात चालत नाही. कलम १२ मुळे माहितीपत्रकात जे दाखवलं त्यावर विसंबून कुणी पैसे दिले आणि ते खोटं ठरलं तर भरपाई तुमच्या अंगावर येते. माहितीपत्रकात ३६ लाल कौलारू घरांचं चित्र छापून खरेदीखतात छपराची अटच नसेल, तर नवव्या प्लॉटवर सपाट गच्चीचं घर उभं राहिल्यावर आठवा माणूस तुमच्याकडे येईल. गेटचंही तसंच. शिवाय कलम १४ प्रमाणे मंजूर लेआउट नंतर बदलायचा तर तुम्हाला वगळून दोन तृतीयांश प्लॉटधारकांची लेखी संमती लागते. म्हणून आधी आकडे पक्के, मग छपाई.

तिसऱ्या ढिगात काय टाकायचं? रंगांचा तक्ता पूर्ण काढा. फार वाटलं तर चकचकीत टाइल्स आणि काचेची अखंड दर्शनी भिंत नको, एवढं ठेवा. ‘पारंपरिक शैली’ हे प्रकरण काढा. वाईचा वाडा, कोकणातलं चिऱ्याचं घर आणि पुण्यातला १९३५ चा बंगला यांत पारंपरिक कुठलं ते तुमच्या समितीतही ठरणार नाही. गॅरेज डाव्या बाजूला आणि मुख्य दार रस्त्याकडे, हा नियम पहिल्याच वास्तुशास्त्रवाल्यापुढे कोसळेल. दक्षिणमुखी प्लॉट घेणारा माणूस दार पूर्वेला नेणारच, त्याला नेऊ द्या. दारामुळे रस्त्याचं काही बिघडत नाही.

छपराचं मात्र नीट बोला. उतरतं छप्पर सक्तीचं केलंत तर लोक आरसीसीचा तिरका स्लॅब टाकून वर कौलं चिकटवतात. तो गळायला लागला की वर निळा पत्रा येतो. त्यापेक्षा सपाट गच्ची चालू द्या आणि गच्चीवर काय चालेल ते मोजून लिहा. गच्चीवरची पत्र्याची शेड हे प्रत्येक सोसायटीतलं भांडण आहे. आता त्यात सोलरची भर पडली आहे. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली तेव्हापासून पॅनेलखाली उंच लोखंडी मांडव घालून खाली बसायची जागा करायची पद्धत वाढली आहे. सोलरला बंदी घालू नका, कुणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये. पॅनेलचा सर्वांत वरचा बिंदू गच्चीपासून किती मीटर आणि दर्शनी कठड्यापासून किती आत, हे दोन आकडे द्या. पाण्याच्या टाकीला कठड्याची आड, एसीचे बाहेरचे युनिट दर्शनी भिंतीवर नको. झालं.

प्रत्येक घराचा आराखडा तपासणार कोण? तुमच्या मसुद्यात ‘प्रवर्तकांची समिती, निर्णय अंतिम’ असं आहे. हे चालणार नाही, आणि चालूही नये. गावात राहणारा थोरला भाऊ रोज प्लॉटधारकांच्या चहाला जाणार आणि त्यांचे नकाशे नाकारणार, हे किती दिवस होईल? बाहेरचा एक आर्किटेक्ट नेमा, ज्याला या वसाहतीत घरांचं काम घेता येणार नाही. शुल्क प्लॉटधारकाने आधी भरायचं. मुदत १५ दिवस. तेवढ्यात लेखी उत्तर नाही गेलं तर आराखडा मान्य. नाकारताना नियमाचा क्रमांक द्यायचा, ‘शोभत नाही’ हे कारण नाही. हा दाखला नगरपालिकेत अर्ज करण्याआधी घ्यायचा, आणि जोतं पूर्ण झाल्यावर एकदा पातळी मोजायची. भिंती वर गेल्यावर जोतं कुणी खाली आणत नाही. काही अनामत ठेवायची असेल तर ती जोत्याच्या तपासणीनंतर अर्धी आणि घर पूर्ण झाल्यावर उरलेली परत, आणि वेगळ्या खात्यात. प्लॉटधारकांची संस्था लवकर नोंदवा आणि हे काम करारानेच तिच्याकडे सोपवा. निम्मे प्लॉट विकले गेल्यावर समितीत त्यांचं बहुमत असलं पाहिजे.

तुम्ही स्वतःसाठी राखून ठेवलेल्या तीन प्लॉटांना मसुद्यात सूट दिली आहे. ती काढा. सगळ्यांना सारख्या नसलेल्या अटी न्यायालयात दुबळ्या पडतात, आणि तुमच्या घराचा तिसरा मजला दिसला की बाकीच्या तेहतिसांना अडवायला तुमच्या तोंडात शब्द राहणार नाही.

क्रम असा धरा. आधी कंटूर आणि हद्दीची मोजणी. मग त्रुटी दुरुस्त करून सुधारित लेआउट, त्यावर पातळ्या, गटारं आणि बांधकाम रेषा. प्राथमिक मंजुरी आली की जागेवर आखणी, भूमी अभिलेखची मोजणी, त्यात रस्ते-प्लॉटांची मापं थोडी इकडेतिकडे होतात. ती नकाशात घेऊन अंतिम मंजुरी, मग केजेपी (कमी-जास्त पत्रक) आणि प्लॉटवार सातबारे. खरेदीखताचं परिशिष्ट आखणीच्या काळात लिहून काढा, कारण प्लॉटनिहाय रस्तापातळीचा तक्ता त्याच वेळी हाती येतो. ६० दिवसांत निर्णय न आल्यास परवानगी मानली जाते, या तरतुदीवर भिस्त ठेवून काम सुरू करू नका. प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसत असेल तरच ती लागू होते, आणि बसतो की नाही हे ठरवायला शेवटी नगर रचनाकारच लागतो. त्याला भेटायला जाताना चाळीस पानी पुस्तिका घरी ठेवा, पातळ्यांचा नकाशा न्या.